चावडीतली पोर

भाद्रपद वद्य ७, शके १८५०. म्हसावद.

भिकुबाईचा ताप उतरला. आईचा खोकला तसाच. गाय बरी, गोऱ्हा बरा. आणि मी? माझं डोकं फिरलंय!

केस पिकल्यावर घरात पाळणा बांधला होता. परवा भिकुबाईला पोर झाली, ती मेलेलीच. पुऱ्या दिवसांची. काळंभोर जावळ, बोटांना नखं. बांधाजवळ पुरली. शेजारची फुलीबाई म्हणते, "पोरच व्हती ना! गई ते बरं जायं." तिच्या जिभेला काही हाड आहे का!

आज चावडीवर गेलो. म्हटलं, माझी लेक वहीत लिहा. नवलसिंग पाटील पान चघळत म्हणतो, "रडनी का ती? रडनी नही, म्हणजे जनमनी नही. मंग मरनी कशी?" वर चार माणसांत हसला! माझा बैल मेला असता तर दारात येऊन हळहळला असता हा.

भाद्रपद वद्य ८

भिकुबाई जेवत नाही. भिंतीकडे तोंड.

भाद्रपद वद्य १०

जमनाबाई सुईणीला साक्षीला घेऊन पुन्हा गेलो. ती म्हणाली, "मन्हा या हातवर उनी ती पोर." पाटील माझ्यावरच उखडला — स्वतः जेमतेम चार अक्षरं शिकला आणि मला कायदा शिकवतो! मीही सोडला नाही. चावडी डोक्यावर घेतली. शेवटी दौत ओढली त्याने. "लिखस बाबा, लिखस! जाय घर." वाकून पाहीपर्यंत वही मिटली.

घरी येऊन सांगितलं — लिहिली. भिकुबाई उठून बसली. अर्धी भाकर खाल्ली.

फाल्गुन शुद्ध ५

हात दाखवून अवलक्षण!

देवी टोचणारा दारात. हातात गावच्या पोरांची यादी. "लोटन भाईदास यांची मुलगी. सहा महिन्यांची. आणा बाहेर."

मेली, म्हटलं. जन्मलीच मेलेली.

"सगळे असंच लपवतात! वहीत जिवंत आहे. टोचली नाही तर दंड."

आत भिकुबाई. सगळं ऐकलं तिने. त्याची पेटी गटारात भिरकावणार होतो — आईने हात धरला.

तसाच पाटलाकडे. म्हणतो, "मेलेल्या जन्माले रकाना नही मन्हाकडे. तू बोंबलना, मी जन्म लिखी टाका. आते सकाय ये, मरण बी लिखी टाकू." जसं काय उसनं पीठ परत करायचंय! माझी लेक याच्या दौतीने जगली, आणि आता याच्याच दौतीने मरणार. पण खोटं ते खोटं. पुसायलाच हवं.

फाल्गुन शुद्ध ६

पागोटं बांधून निघालो. भिकुबाई उंबऱ्यात आडवी.

"दंड भरी द्या. मन्ही पोर तठे, वहीमा तरी जित्ती ऱ्हाऊ द्या."

पागोटं खुंटीला टांगलं.