मीठवालीचा खांब

६ मार्च २०२५, रोहा

ऑगस्टनंतर आज वही उघडतेय. माफ कर — सगळे दिवस पेणच्या बाजारात गेले. काल माझ्या दिशादर्शक पाट्यांचा शेवटचा खांब उभा राहिला. अठरा पाट्या, प्रत्येकीवर बाण आणि चित्र : सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, पोहे. चौकातली मला सर्वांत आवडते. नथ घातलेली, डोक्यावर टोपली घेतलेली मीठवाली. पावसाळ्यात पाहणी करताना ज्याला रस्ता विचारावा तो म्हणे, "मीठवालीच्या जागेवरनं डावीकडं." जागा मात्र रिकामी. पूर्वी कधी बसत असेल, म्हणून तिची आठवण राहावी यासाठी खांब तिथेच रोवला. व्यापाऱ्यांच्या समितीने टाळ्या वाजवल्या. मीही खूश. जरा जास्तच?

२२ मार्च

जितेशचा फोन. भांड्यांचं दुकान आहे त्याचं, समितीत असतो.

"ताई, तुमची मीठवाली आलीय."

मला वाटलं, थट्टा.

"नाय हो, खरीच. सकाळधरनं खांबाशी उभी हाय. बसायला जागा कुठाय तिला?"

उद्या सकाळीच पेण गाठायचं.

२३ मार्च

पेणला जाऊन आले. सगुणाबाई, साठीच्या, खाडीकाठच्या गावातल्या. मिठागरातलं नवं मीठ होळीनंतर येतं, पाऊस लागेपर्यंत लोक वर्षाचं भरून ठेवतात. तेवढेच दोन-अडीच महिने त्या बाजारात येतात. याच जागेवर. आधी त्यांची सासू बसायची. आणि मी पाहणी केली ऑगस्टमध्ये!

खांबाचा चबुतरा बरोबर त्यांच्या जागेवर. दोन्ही बाजूंना हातगाड्या. सगुणाबाई मासळीबाजाराच्या मागे जाऊन बसल्यात, तिकडे मिठाला कुणी फिरकत नाही.

चित्र त्यांनी नीट न्याहाळलं. "मीठ इकताना नथ कोन घालतं गो बाय? लग्नाला चाललीय का मी?" शेजारची भाजीवाली नम्रता खो खो हसली. मीही हसले. मग हसता येईना.

"येऊन इचारलं आसतंस तर मीच सांगितलं आसतं," एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जितेश म्हणाला, पुढच्या वर्षी हलवू खांब. पण त्यांचा हंगाम आता आहे. आणि मी तर सगळ्यांना विचारलं होतं. पंच्याहत्तर जणांना, नावानिशी.

२४ मार्च

पाहणीची वही काढली. स्वतःची बाजू शोधायलाच, दुसरं काय.

१९ ऑगस्ट. नम्रता, भाजीवाली : "मीठवाली सगुणाकाकू होळीनंतर येईल. तिला इचारा."

माझंच अक्षर. खाली रेघसुद्धा मारलेली. त्याच पानाच्या तळाशी, तेही माझ्याच अक्षरात : "समितीला पाट्या होळीआधी हव्यात."

उद्या : गवंड्याला घेऊन पहिल्या गाडीने पेण, खांब काढणे.