शिवानीला वसतिगृहात घातल्याचे फायदे

पाली (वेल्हे), सोमवार

धनाजीराव मेव्हण्यांना मानसिंगाचा रामराम. इकडे मी, म्हैस आणि छप्पर तिघंही अजून उभे आहोत. तिकडे तुमची आणि वहिनींच्या गुडघ्याची खुशाली कळवावी. (फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.)

तुमची बहीण फाल्गुनात गेली आणि चार महिन्यांत तुम्ही शिवानीला भोरच्या निवासी शाळेत अकरावीला नेऊन घातलंत. पोरीला वळण लागायचं हेच वय, म्हणालात. (मी काहीच म्हणालो नाही. तेव्हा मी कशालाच काही म्हणत नव्हतो.) तर आता फायदे कळवतो.

दिवाळीत तुम्ही तिला इथे सोडून गेलात, त्या चार दिवसांत घरात एकदाही भांडण झालं नाही. पूर्वी मोबाईलवरून नाहीतर भाजीवरून रोजचं ठरलेलं होतं. आता तांब्याला हात लावण्याआधी विचारते, "अप्पा, पाणी घेऊ का?" मी अंघोळीला गेलो तेवढ्यात माझंही अंथरूण टोकाला टोक लावून घडी घालून ठेवलं. गड उतरून आपल्याकडे जेवायला बसलेल्या ट्रेकरांनी विचारलं, "काका, पाहुणी आलीय का?" मला बरं वाटलं नाही, पण वळण म्हणतात ते हेच असावं.

काल रविवार, भेटीचा दिवस, म्हणून पिठलं-भाकरी बांधून दोन एसट्या बदलून गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पालकाचं कार्ड काढलं, तर त्यावर फोटो तुमचा. (नाव घालायला मी आलो नव्हतो, चूक माझीच.) "कार्डावर फोटू न्हाई, त्याला भेट न्हाई." आधार दाखवलं, आडनाव दाखवलं, शेवटी नाक दाखवलं, तिचं आणि माझं एकच आहे. रेक्टरबाईंनी मग शिवानीलाच खाली बोलावून विचारलं, हे कोण? पोर हात मागे बांधून म्हणाली, "वडील आहेत, पण कार्डावर नाहीत." एवढी शिस्त पलटणीतसुद्धा नसेल. मी फाटकाबाहेर बसून रडलो. पिठलं पहारेकऱ्याने खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाला.

एकंदरीत फायदाच फायदा आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मानसिंग

ता. क. – फायदे पुरे झाले. गुरुवारी येऊन नाव काढायच्या अर्जावर सही करा, कारण कागदावर पालक तुम्ही. ती वेल्ह्याच्या कॉलेजला घरून जाईल. मला माझी पोर घरी हवी आहे.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी रेक्टरबाईंच्या मोबाईलवर शिवानीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्या न्हाई येनार, अप्पा. हितं जेवायची घंटा वाजती. आई गेल्यापासनं तुमी मला एकदाबी 'जेवायला ये' म्हनला न्हाई." रोज तिचं ताट झाकून मी ट्रेकरांना वाढायला जात होतो. भूक लागली की घेईल, असं धरून चाललो होतो. किती रात्री ती तशीच झोपली, तेही तिने सांगितलं. गुरुवारी येऊ नका.