वेशीवर पाय उचलायचा

६ सप्टेंबर, शनिवार
मारुतीला तेल वाहून आलो. शिकाऊ लायसन काल हिंगोलीला मिळालं. एकोणपन्नासाव्या वर्षी परीक्षा दिली, तीही कॉम्प्युटरवर. शेजारच्या खुर्चीवरचं पोरगं माझ्या कितीतरी आधी उठून गेलं. पास दोघंही झालो. देवाची कृपा.

शीतल आली त्याला महिना झाला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच. जावई सैन्यात. सुट्टी संपली तेव्हा त्यांची लहान गाडी आमच्या दारात लिंबाखाली लावून गेले. "मामा, वेळेला असू द्या," म्हणाले. शीतल नांदेडला दोन वर्षं ती गाडी चालवायची. आता पोट स्टेअरिंगला लागतं आणि डॉक्टरीणबाईंनीही मना केलंय. चालवणारी बसून, गाडी उभी, दवाखाना हिंगोलीला. तारीख ऑक्टोबरच्या मध्यातली. म्हणून मी.

शीतलची आई म्हणाली, "पिठाची गिरणी चालवणं अलग, गाडी चालवणं अलग." खरं आहे. तिचं बहुतेक खरंच असतं.

९ सप्टेंबर
गिरणी दुपारी बंद ठेवली. शाळेमागच्या गायरानात पहिला धडा. शीतल शेजारी, तिच्या पाठीशी उशी. गाडी किती वेळा बंद पडली ते मोजलं नाही. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. लहानपणी मी तिला पाढे शिकवताना चढवत होतो.

एक गोष्ट मात्र आपोआप आली. गिरणीत दाणा जास्त पडला की पट्टा कण्हतो. गाडीपण तशीच कण्हते. मग गिअर. शीतल म्हणाली, "बाबा, हे मला शिकायला महिना लागला होता." बरं वाटलं. फार बरं वाटू देऊ नये.

१३ सप्टेंबर, शनिवार
आज रस्त्यावर. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

पुढच्या गावाच्या वेशीवर मारुती आहे. लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिला तेव्हापासून तो दिसला की हात जुळतात. सायकलवर एक हात छातीला लावतो, एसटीत दोन्ही जोडतो. आजही जुळले. दोन्ही. स्टेअरिंग सोडून.

गाडी सरळ पाराकडे. "बाबा! हात! हात!" शीतलनं चाक ओढलं, माझा पाय कुठं होता कोण जाणे, पण गाडी थांबली. पारावरचा म्हातारा विडी धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "काय बाप्पा, देवाच्या पाया पडून राहिले का देवाला पाडून राहिले?"

पारावरचे सगळे हसले. मीपण हसलो. शीतल हसली नाही. घर येईपर्यंत तिचा एक हात पोटावर होता. ते मी पाहिलं.

१४ सप्टेंबर
गाडी काढली नाही. दळण पुष्कळ होतं, असं घरात सांगितलं.

संध्याकाळी शीतल गिरणीत आली. पिठात बसू नको म्हटलं तर पोत्यावर बसली.
"काहून नाही आले आज?"
"दळण होतं."
"आई म्हणते दोन पायल्या होत्या."
मी झाडू घेतला.
मग तीच म्हणाली, "असं करू. हात तुमचे चाकावर. नमस्कार दोघांचा मी करीन. तुमी फक्त पाय उचलायचा. मारुती दिसला की ॲक्सिलेटरवरचा पाय वर."
म्हटलं, "देवापुढं पायाचं काय काम? हातानं करायचं ते पायानं?"
"बाबा, देवाला पाय लावून राहिले का तुमी? ॲक्सिलेटरवरून उचलून राहिले. आन् उचलणं म्हणजे लावणं नाही."

रात्री जेवताना विचार केला. वेशीवरचा मारुती संपला की काय लागतं? कोंबड्या, हापसा, शाळेतून सुटलेली लेकरं, चावडीवर पाय पसरून बसलेली माणसं. ज्यांनी त्याला तिथं बसवलं त्यांना गाड्या ठाऊक नव्हत्या. पण घोडा होता, बैल होते. वेशीत शिरताना तेही आवरावे लागत असतील.

१८ सप्टेंबर
आज रस्ताभर बोर्ड शोधले. आमच्या गावापासून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत वेग सांगणारा एकही नाही. एक होता तो वाकलाय, त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवल्यात.

शीतलला विचारलं, बोर्ड नसेल तर किती? ती म्हणाली, परीक्षेत हेच वाचलं ना तुमी? वाचलं होतं. बोर्ड नाही म्हणून मर्यादा नाही असं नसतं, एवढं लक्षात राहिलं. आकडा विसरलो. तिनं फोनवर दाखवलं. शहराबाहेरच्या असल्या साध्या रस्त्यावर कारला जास्तीत जास्त सत्तर. राज्य, जिल्हा त्याहून कमी ठरवू शकतात.

सत्तर! या रस्त्यावर! दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला शेतात उतरावं लागतं.
"तेवढ्यानं जा असं कुटं लिहिलंय? त्याच्या वर जाऊ नका असं लिहिलंय."

हे पटलं. पंगतीत वाढपी आग्रह करतो, नको म्हणेपर्यंत वाढतो. किती जेवायचं ते आपल्या पोटानं ठरवायचं. पण मग रस्त्याचं पोट कसं ओळखायचं? ती म्हणाली, उद्या.

१९ सप्टेंबर
वीसनं चाललो, रस्त्याच्या मधोमध. वाटलं, यापेक्षा सुरक्षित काय असणार.

गजाननची जीप मागून आली. गजानन आमच्याच गल्लीतला, सेनगावच्या फेऱ्या मारतो, तोंडाचा फाटका, मनाचा बरा. हॉर्नवर हॉर्न. मला बाजूला घेता येईना. शेवटी तुरीच्या वळणावर त्यानं जीप रस्त्याखाली उतरवून मला ओलांडलं, त्याच वेळी समोरून मोटारसायकल. कसा वाचला तो मोटारसायकलवाला, त्याच्या आईची पुण्याई.

गजानन थांबून उलटा आला. मागच्या काचेवर शीतलनं लाल अक्षरात एल चिकटवलाय. त्याकडं बोट करून म्हणाला, "काका, हा एल म्हणजे लई हळू का? बैलगाडीवाले हसून राहिले तुमाला."
म्हटलं, "तू वळणावर काहून घुसला?"
"तुमी वाट देत न्हाई तर काय करू? गाडीत बारा माणसं!"

रागानं बोललो दोघंही. पण तो गेल्यावर शीतल म्हणाली, "चूक त्याची मोठी. पण हळू चालणंपण कोणाच्या तरी अंगावर येतं, बाबा."

मग उतरवलं मला. वळणापाशी उभं केलं. तूर डोक्याच्या वर गेलीय, पलीकडचं काही दिसत नाही. "किती रस्ता दिसतो? त्याच्या अर्ध्यात गाडी थांबली पायजे. एकेरी रस्ता आहे, समोरचापण येऊन राहिला. अर्धा तुमचा, अर्धा त्याचा." पुढं सरळ पट्टा होता, थेट ओढ्यापर्यंत मोकळा. "आन् इथं? इथं पन्नासनं गेले तरी चालते. पण डाव्या बाजूनं."

दिसतं त्यातलं अर्धं आपलं, अर्धं येणाऱ्याचं. येणारा दिसत नाही, ओळखीचा नाही, कदाचित येणारही नाही. तरी त्याचं अर्धं ठेवायचं. आमच्या घरी आई शेवटची भाकरी अशीच ठेवायची. हे मला कुणी रस्त्यावर सांगेल असं वाटलं नव्हतं. तेही पोटच्या लेकीनं.

२ ऑक्टोबर, दसरा
गिरणीची पूजा, मग गाडीची. आरशाला झेंडूची माळ बांधली. शीतलनं सोडून बोनेटवर ठेवली. "माळेमागं अख्खी मोटारसायकल लपते." देवाची माळ, पण ऐकलं.

गजानन सोनं द्यायला आला. पाया पडला. त्या दिवसाचं कुणी काही काढलं नाही. शीतलच्या आईनं त्याला दोनदा श्रीखंड वाढलं, त्यात सगळं आलं.

५ ऑक्टोबर
सोयाबीन निघालं. आता अर्धा रस्ता रस्ता, अर्ध्यावर खळं. दाणे पसरलेले आणि कडेला राखणीला मोठाले दगड. आजवर त्या दगडांकडं लक्ष गेलं नव्हतं. आमचंही सोयाबीन दरवर्षी तिथंच वाळतं, आमचेही दगड तसेच.

गयाबाई काठी घेऊन राखणीला बसलेली. आंधळी नाही पण दिसतं कमी. मी थांबलो. कुठून जावं कळेना.
"मावशे, गाडी कुठून नेऊ?"
"कोन हाय? गिरणीवाला का? जाय की वरून, दाण्याला काय होते!"
"दाण्याला नाही, तुला व्हईल."
"मला? मी मरून जाते का एवढ्यानं? जाय हळूच, पाय घेते मी."
पाय आखडून घेतले तिनं. मी पायी चालतो त्या वेगानं काढली. शीतल म्हणाली, हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही.

घरी येऊन आमच्या सोयाबीनचे दगड उचलले. रस्त्याच्या आत होते ते बाहेर घेतले. शीतलच्या आईनं विचारलं, आता काय झालं? म्हटलं, काही नाही, दिसले.

७ ऑक्टोबर
तपासणीला हिंगोली. शीतल पुढं, शिकवणारी म्हणून. तिची आई पहिल्यांदाच मागं बसली, डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी सीट धरून. जाताना सगळे मारुती तिनंपण मोजले असतील, ओठ हलत होते.

बाळ नीट, डोकं खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीही कळा येतील, आल्या की पळत येऊ नका, पहिलटकरणीला वेळ लागतो, पण निघायला उशीरही करू नका. पक्क्या लायसनची परीक्षा चौदाला. म्हटलं, देवा, चौदा होऊन जाऊ दे.

परत येताना मागून घोरण्याचा आवाज. आरशात पाहिलं. डबा मांडीवरच, मान खिडकीला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एसटीत, जीपमध्ये, वऱ्हाडाच्या टेम्पोत, कुठंच ही डोळा लागू देत नाही. शीतलनं मला कोपर मारलं, हळूच म्हणाली, "झाले तुमी पास."

रस्त्याकडं बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं तर समोरचं दिसत नाही, हेही आता कळतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो. अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी गिरणीत होतो. शेजारचं पोरगं पळत आलं. पिठाचे हात तसेच घेऊन घरी. शीतल दाराला धरून उभी, कपाळावर घाम. गजाननची जीप दारात, शीतलच्या आईनंच बोलावलेली. "चला काका, अर्ध्या तासात नेऊन टाकतो!"

वाटलं, बरं झालं. मनापासून वाटलं. माझी परीक्षा झालेली नाही.

शीतल म्हणाली, "जीपनं नाही. बाबासोबत."
तिची आई म्हणाली, "अगं, ही काय शिकायची वेळ हाय का?"
"लायसन त्यांचं शिकाऊ हाय, माझं पक्कं. मी बसते ना शेजारी." आणि कळ आली तशी दाराची चौकट धरली.

देवापुढं उभा राहिलो क्षणभर. मग हात धुतले.

गजानन रागावेल वाटलं. तो जीपमध्ये चढत म्हणाला, "मंग मी म्होरं चालतो, काका. सोयाबीनवाल्यांना सरकायला सांगतो. तुमी तुमच्या हिशोबानं या." आणि गेला पुढं. प्रत्येक खळ्यापाशी उतरून ओरडायचा, "गिरणीवाल्याची शीतल हाय, दगड उचला!" गयाबाईसुद्धा काठी टेकत बाजूला उभी होती. आम्ही पोचायच्या आत दगड उचललेले. मोकळ्या रस्त्यावरही गजानन पुढं निघून गेला नाही, आमच्या बेतानं चालला. मागून बघताना वाटलं, हा गजानन नव्हेच.

तुरीच्या वळणावर वीस. पलीकडं खरंच एक ट्रॅक्टर होता. अर्धा रस्ता त्याच्यासाठी होताच.

ओढ्याआधीच्या सरळ पट्ट्यावर शीतलला मोठी कळ आली. "बाबा, जरा जोरात." समोर लांबवर पाहिलं. मोकळं होतं. पन्नास. तिनं पुन्हा म्हटलं, "जोरात." पुढं वेस होती, मारुतीचा शेंदूर दिसत होता. मी म्हटलं, "माय, आता नाही." लेकीला नाही म्हणणं कधी इतकं जड गेलं नव्हतं.

मारुती आला. ठरल्याप्रमाणं नमस्कार तिचा. पण तिचे हात दाराच्या मुठीला आवळलेले. माझे चाकावर. तिच्या आईचे तिच्या खांद्यावर. गाडीतल्या कुणाचाच हात मोकळा नव्हता. पाय उचलला. गाडी हळू झाली. पारावरच्या म्हाताऱ्यानं मात्र आमच्याकडं बघून हात जोडले.

तेवढं पुरलं असावं.

शीतलला आत नेलं त्याला बराच वेळ झाला. जावयांना फोन लावला, लागला नाही, गजाननच्या फोनवरून निरोप टाकलाय. गजानन चहा आणायला गेलाय. त्याच्या आजच्या फेऱ्या बुडाल्या, त्यानं त्याचा शब्दही काढला नाही. या माणसाला मी महिनाभर मनात काय काय म्हटलं होतं. देवा, तू माणसं फार चांगली दिलीस, बघायला मला वेळ लागला.

शीतलची आई मघाशी बाहेर आली. पाण्याची बाटली घेतली, माझ्या बाहीवरचं पीठ झटकलं आणि आत गेली.

खिडकीतून गाडी दिसते. परत जाताना तीत एक जण जास्त असेल, इतका लहान की बोटभर खड्डाही त्याला डोंगर. तेव्हा वेग किती ठेवायचा, ते शीतलला विचारायचं राहून गेलंय.