खिडकीजवळची खाट

सोफियाचं रुग्णालय, मंगळवार

प्रिय रुम्यानाताई,

मिरच्या भाजून बरण्यांत भरल्यास का? आईला सांग, मी पोटभर जेवते.

स्तनाच्या कर्करोगावरच्या नव्या प्रयोगात मला दोन औषधं एकत्र मिळाली. गाठी निम्म्याने आकसल्या. शेजारच्या खाटेवरच्या दोन्काच्या वाट्याला, चिठ्ठ्या टाकून ठरवल्याप्रमाणे, एकच औषध आलं. तिचा आजार यकृतात उतरला. डॉक्टरांनी माझी बातमी सांगितली, तेव्हा तिच्यासमोर मी तोंड पाडून बसले.

"हस की गं," ती म्हणाली. "तुझं कमी झालं म्हणून काही माझं वाढलं नाही."

काल तिला घरी पाठवलं. जाताना म्हणाली, "खिडकीजवळची माझी खाट तू घे. ऊन छान येतं."

मी लगेच घेतली, ताई. ऊन खरंच छान येतं. आईला हे सांगू नकोस.

तुझीच,
मिल्का