पाऱ्याने न दाखवलेला आकडा

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण आज वर्गात टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि तुमचं लोणावळ्याचं स्वयंपाकघर आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती उन्हाळ्याची सुट्टी. एका कोपऱ्यात स्वयंपाकाच्या मावशींची चूल, खिडकीपाशी दाब मोजायची आपली पाऱ्याची नळी, आणि स्टेशनवरून गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ. त्या थंडीत टर्पेंटाइनच्या वाफेचा दाब किती, ते शोधायचं होतं. तो इतका कमी, की पारा हललेला डोळ्यांना कळतच नाही. म्हणून तुम्ही वाट सांगितली होती: द्रव किती तापमानाला उकळतो ते मोजायचं, त्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते ते घ्यायचं, आणि त्यावरून थंडीतला दाब हिशेबाने काढायचा. "पण नळीही बघ, आणि दिसेल तेच लिही," असंही बजावलं होतंत.

मला कॉलेजातल्या नोकरीसाठी तुमची चिठ्ठी हवी होती. रिकामा रकाना दाखवायची लाज वाटली. हिशेबातून आलेला आकडाच मी पाऱ्यावर वाचला म्हणून ठोकून दिला. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले आणि मी खूश!

तुम्ही वही बघत होतात. तेवढ्यात जवळच्या कुरवंडे गावच्या त्या मावशी डाळ ढवळत कुरकुरल्या, "खाली कर्जतला व्हते तवा डाळ बिगीनं शिजायची. हितं लय येळ लागतो बगा."

तुम्ही मान वर केलीत. "ऐकलंस? घाटावर हवेचा दाब कमी, पाणी कमी तापमानालाच उकळतं. टर्पेंटाइनही तसंच. तू हिशेबात मुंबईचा दाब धरलायस." मी जीभ चावली. मग शांतपणे विचारलंत, "हिशेबात तू चुकलास, ते समजलं. पण पाऱ्यानेही तुझीच चूक कशी केली रे?"

अजून कान गरम होतात, सर. मी आकडा खोडून 'दिसला नाही' असं लिहिलं. तुम्ही चहा मागवलात. चिठ्ठीत पुढे एवढंच लिहिलंत, की हा मुलगा न दिसलेलं 'दिसलं नाही' म्हणून लिहू शकतो. त्या ओळीवर नोकरी लागली आणि सगळं आयुष्य मजेत गेलं.

हे पत्र त्याच वहीत ठेवतोय. ही गोष्ट मी दरवर्षी पोरांना सांगतो. मावशी, डाळ, तुमचा प्रश्न, सगळं जसंच्या तसं, आणि पोरं पोट धरून हसतात. फक्त त्या गोष्टीत आकडा ठोकून देणारा माझा एक मित्र असतो, सर. आजही मित्रच होता.