सापडली नाही तोवर

९ ऑक्टो. २०१२, मंगळ
रविवारच्या चर्चच्या उपासनेत पप्पा संदेश देणार. सासरेबुवा रिटायर झाले तरी त्यांच्यातला पाळक रिटायर होत नाही. नगरहून इकडे जपानात फुनाबोरीला आले सुनेकडे आराम करायला, आणि विषय निवडला सदोम, पापापायी देवाने जाळलेलं शहर! म्हणे स्टेशनजवळची पाचिन्कोची, म्हणजे जुगाराची, दुकानं बघून सुचलं. जपानीत भाषांतर अर्थातच माझ्या गळ्यात. नवरोबा D. म्हणतो, तू मध्ये पडू नकोस. स्वतः बॅग उचलून बँकेत पळाला.

११ ऑक्टो., गुरु
बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात गाजरं चिरताना सोबत काम करणारी ओकादा-सान म्हणाली, रविवारी मीही येते, तुझ्या पप्पासानना ऐकायला. गेल्या वर्षी त्सुनामीच्या दिवशी हिची आई टेकडीवर पोचली होती. देव्हाऱ्यातली वारलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी घरी राहिली म्हणून मागे फिरली. आई अजून सापडलेली नाही. आणि पप्पा सांगणार लोटाच्या बायकोचं. सदोममधून पळताना, देवाने बजावूनही मागे वळून बघितलं, मिठाचा खांब झाली...

१३ ऑक्टो., शनि
पप्पांना सगळं सांगितलं. तेवढं लोटाच्या बायकोचं गाळा ना.
"शास्त्र म्हणजे मेथीची जुडी आहे का, हवं ते निवडून घ्यायला?"
"तुमची आई असती तर असंच सांगितलं असतंत?"
मी जरा फारच बोलले. आमटी झकास झाली होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१४ ऑक्टो., रवि
गाळलं नाहीच. पण त्या ओळींना आवाज पडला त्यांचा. मी जसंच्या तसं भाषांतर केलं. ओकादा-सानकडे बघवेना.
नंतर चहाच्या वेळी ती पप्पांसमोर येऊन वाकली. "लोटाने तिला मग शोधलं का?"
पप्पा बराच वेळ पानं चाळत राहिले. "लिहिलेलं नाही."
"माझ्या आईसाठी प्रार्थना कराल?"
पप्पा मला हळूच म्हणाले, "अगं, मृतांसाठी आपण करत नाही. कसं सांगू हिला?" मीही नाही सांगितलं. ती उभीच.

१५ ऑक्टो., सोम
सकाळी चहा घेता घेता पप्पा, "तिच्या आईच्या मृत्यूची नोंद झालीय का?"
नाही. तिचा भाऊ मागे लागलाय, पण ही कागदावर सही करत नाही.
"मग मेली असं कोण म्हणतं? हरवलीय. हरवलेल्यांसाठी प्रार्थना चालते."
सदोम वाचावं म्हणून अब्राहामाने देवाशी घासाघीस केली होती. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? उतरत उतरत दहा. आमचे पप्पा त्याच्याच वळणावर गेलेत. हसू आलं, आणि फार माया वाटली त्यांची.
संध्याकाळी ओकादा-सानकडे गेलो. पप्पांनी आईचं नाव विचारलं. किमिए. दोनतीनदा म्हणून बघितलं, मग मराठीत प्रार्थना केली. मी भाषांतर करायला लागले तर तिने हातानेच नको म्हटलं.

२० नोव्हें., मंगळ
पप्पा नगरला पोचले. फोनवर म्हणाले, रोज पहाटे किमिएबाईंचं नाव घेतो. किमिएबाई म्हणे! ओकादा-सानला हे सांगितलं, आणि हरवलेल्यांसाठीच चालतं हेही.

४ मार्च २०१३, सोम
ओकादा-सानला गावाहून फोन आला होता. किनाऱ्यावर सापडलेली हाडं तपासली, जुळली. आईच. तिने हातमोजे काढले, नीट घडी घालून ठेवले आणि मग सांगितलं. दुकानाच्या मागे दोघी रडलो.
निघताना म्हणाली, "पप्पासानना सांगू नकोस. ते नाव घ्यायचे थांबतील."
आठच्या सुमारास पप्पांचा फोन. इकडचं तिकडचं झालं, मग, "किमिएबाईंचं काही कळलं का गं?"
पप्पांशी खोटं बोलणं मला जमत नाही. आणि खरं सांगितलं तर...
म्हटलं, पप्पा, आवाज तुटतोय, उद्या करते.
आवाज चांगला स्वच्छ येत होता.