दिलीपच्या नावाचं ताट

१३ ऑगस्ट १९७३, सोम.

माझ्या सायकलच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली वाजवली. ‘हात चलाव बे जल्दी’ म्हणाला. चालवला. धरमपेठेतले लोक जमले, माफी माग म्हणाले, मागितली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. सकाळपासून कोणाला तरी मारायचंच होतं, तो सापडला.

सकाळी शाळेतले फादर रेक्टर घरी आले. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. दिलीपच्या नावाच्या शिष्यवृत्तीचा यंदाचा मुलगा ठरला, त्याचं नाव सांगायला. बसले, पाणी प्यायले, घाम पुसला, नाव काही सांगेनात. शेवटी आईनं विचारलं, ‘पोरगा कोन्या गावचा जी, फादर?’

‘खाप्याचा.’

‘कोनाचा?’

‘निखारे. शंकर निखारे. मनोहरचा भाऊ. सख्खा.’

आईच्या हातातला कप फादरच्या डोक्यावरून भिंतीला लागला. बाबा कपाचे तुकडे वेचायला वाकले. मी चप्पल न घालता बाहेर पडलो, अनवाणी दुकान गाठलं.

माझ्या भावाला हॉकी स्टिकनं डोक्यात घालून मारलं त्याचा भाऊ. आमच्याच पैशानं शिकणार. वा रे वा.

१४ ऑगस्ट, मंगळ.

बाबांशी भांडण. मी म्हटलं, बदला नाव. दुसरा पोरगा निवडा, शाळेत गरिबाचा काय दुष्काळ आहे?

बाबा म्हणतात, नाही.

हा नियम त्यांचाच. अर्जावर आडनाव नको, गाव नको, बापाचं नाव नको. फक्त नंबर, मार्क आणि मुलानं स्वतः लिहिलेलं एक पान. बाबा वाचून नंबर सांगतात, मग फादर पाकीट उघडतात. लहानपणी गावच्या गुरुजीनं बाबांचं आडनाव वाचलं आणि स्कॉलरशिपचा कागद तिथंच फाडला, म्हणून हा नियम. रेल्वेत गार्ड झाले, रिटायर झाले, तो फाडलेला कागद काही डोक्यातून जात नाही.

‘नंबर निवडला तवा नाव नोयतं. आता नाव वाचून बदलवला तर माह्यात आन् त्या मास्तरात फरक काय राह्यला?’

मी म्हटलं, त्या मास्तरनं कागद फाडला, याच्या भावानं दिलीपची कवटी फाडली. फरक तोच.

बाबा उठून गेले. बरं झालं. बसले असते तर मी आणखी बोललो असतो.

१५ ऑगस्ट, बुध.

बाबा झेंडावंदनाला शाळेत. मी नाही गेलो. ते मैदान मला दिसायला नको. दोन वर्षांपूर्वी तिथंच फायनल हरले, दिलीप आणि मनोहर एकाच टीममध्ये, पास काहून नाही दिला यावरून जुंपली. दिलीपनं ढकललं. मनोहरनं स्टिक घातली. बस्स. एवढ्यावर सोळा वर्षांचं पोरगं गेलं. मनोहर कायद्यानं लहान निघाला, सुधारगृहातून मागच्या साली सुटला. सावनेरला कोळशाच्या ट्रकवर हमाली करतो म्हणे.

आई दोन दिवसांत माझ्याशी एकच वाक्य बोलली. ‘शनवारी तो पोट्टा माह्या घरात जेवाले येईन का?’

येणार. पुढच्या शनिवारी, २५ ला, दिलीपचा दिवस. आईनंच पाडलेली रीत आहे. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली तो पोरगा त्या दिवशी दिलीपच्या पाटावर बसतो, पहिलं ताट त्याचं. तो जेवल्याशिवाय आम्ही कोणी घास घेत नाही.

त्या पाटावर निखारे? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

१६ ऑगस्ट, गुरु.

हॉस्टेलला गेलो. ‘शंकर निखारे कोन बे?’ नळावर बादली भरत होता. काळा, लुकडा, गुडघे मोठे. मी म्हटलं, फादरकडे जा आणि सांग, मला ही शिष्यवृत्ती नको. म्हणतो, ‘काहून?’

काहून! मला विचारतो काहून!

एक ठेवून दिली. पडला. उठला. पुन्हा म्हणतो, ‘माह्या नंबरानं भेटली. मी काहून सोडू?’ मग मी त्याच्या आईवरून शिवी दिली. त्यानं खाली वाकून दगड उचलला आणि सरळ माझ्या कपाळावर. नेम मोठा सुरेख. डोळ्यात रक्त उतरलं, दिसेना.

‘भावाले काय बी म्हना. मायले नाही म्हनाचं.’

हे म्हणून पळाला नाही. बादली भरत राहिला. कंपाउंडरनं टाके घातले. घरी सांगितलं, दुकानात सायकलची चेन तुटून लागली.

१७ ऑगस्ट, शुक्र.

फादरनी बाबांना सांगितलं. दुपारी बाबांनी मला मारलं. सव्वीस वर्षांच्या घोड्याला. गार्डाच्या झेंडीची काठी, घरात तेवढीच होती. पाठीवर, पिंढऱ्यांवर, कुठं लागेल तिथं. मी काठी धरू शकत होतो, धरली नाही. का नाही धरली ते माहीत नाही.

मारता मारता म्हणत होते, ‘लेकराले मारतं? शिकनाऱ्या लेकराले? आं?’ शेवटी दम लागला, ओट्यावर बसले आणि रडले. दिलीप गेला तेव्हा रडले नव्हते. तेव्हा रडले नाहीत आणि आता त्या निखाऱ्यासाठी रडतात, याचा मला इतका संताप आला की काठी मोडून मोरीत टाकली.

१९ ऑगस्ट, रवि.

खाप्याला गेलो. मित्र नामदेवला सोबत घेतलं, पिशवीत पान्हा. नामदेव सावनेरपर्यंत बडबड करत होता, तिथून पुढं पिशवी घट्ट धरून बसला.

कन्हान नदीच्या बाजूला घर. दार उघडंच. मनोहर बाजेवर झोपलेला, रविवारची सुट्टी. दोन वर्षांत भरला आहे, खांदे बैलासारखे. मला पाहून उठला. ‘मी कोन, वयखलं का?’ मी म्हटलं. म्हणाला, ‘वयखलं.’

पान्हा काढायच्या आधीच भिडलो. तो मुकाट मार खाईल असं मला वाटलं होतं, घंटा! माझं डोकं त्यानं दाराच्या चौकटीवर आपटलं, गुरुवारचे टाके उसवले. मी त्याच्या पोटात गुडघा घातला, खाली पाडलं, छातीवर बसलो, गळा धरला. चेहरा जांभळा झाला. मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, फार बरं वाटलं.

मग माझ्या पाठीत धाडकन मुसळ. त्याची माय. हडकुळी बाई, पण हात काय!

‘एक तुमचा गेला, एक माहा जेलात सडून आला! दुसरा शिकून राह्यला, त्याले तरी शिकू द्या ना, मुडद्यांनो!’

मनोहर खोकत बसला. मग बोलला ते डोक्यातून जात नाही. ‘मले काहून मारतं? मले बी नाही पायजे तुमची शिष्यवृत्ती. तुमच्या भावाच्या पाटावर बसून जेवन का तो? जनमभर मान खाली घालून राहीन? मी बुधवारी येतो, त्याले शाळेतून काढून आनतो. ट्रकवर घालतो. जा घरी.’

मी म्हटलं, ‘आन.’

बसमध्ये नामदेव म्हणाला, ‘चाल, काम झालं तुहं. तू आन् मनोहर एकाच बाजूले आले.’ त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. खरं बोलला म्हणून.

२० ऑगस्ट, सोम.

झोपलो होतो. अंग ठणकतं. आईनं हळद लावली. कुठं गेला होता विचारलं नाही. लावता लावता म्हणाली, ‘मेला का तो?’ मी म्हटलं नाही. हात थांबला नाही तिचा.

२२ ऑगस्ट, बुध. (लिहिलं २३ ला, डाव्या हातानं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.)

हॉस्टेलच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो होतो. सरळ सांगतो, मजा पाहायला गेलो. मनोहर आला, आत गेला, शंकरला कॉलर धरून ओढत बाहेर आणलं. पोरगं फाटकाच्या सळईला चिकटलं. सोडेना. मनोहर बोटं एकेक करून सोडवतो, पोरगं पुन्हा धरतं. ‘मी नाही येत! मी नाही येत दादा!’ मनोहरनं पाठीत बुक्क्या घातल्या, कानावर मारलं, कानातून रक्त. तरी सोडेना. फादर मध्ये आले, मनोहरनं त्यांना ढकललं, म्हातारा चिखलात उताणा. पोरं प्रॅक्टिस सोडून धावत आली. त्यातल्या एकाच्या हातची स्टिक मनोहरनं हिसकावली आणि उगारली.

शंकरच्या डोक्यावर.

मी तोवर टपरीवर बसलेला. कधी उठलो, रस्ता कसा ओलांडला, काही ठाऊक नाही. हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला म्हणतात, मला नाही आला. डाव्या हातानं मनोहरच्या तोंडावर मारलं, मारतच राहिलो, दात माझ्या मुठीत रुतले. पोरांनी ओढून काढलं तेव्हा तो खाली होता आणि ओरडत होता, ‘माहा भाऊ हाय! माह्या भावाले मी कायबी करन!’

मीही ओरडत होतो. काय ते आठवत नाही. नामदेवनं नंतर पोरांकडून ऐकलेलं सांगितलं, मी म्हणत होतो, डोक्यात नाही, डोक्यात नाही.

२४ ऑगस्ट, शुक्र.

उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. दुकान बंद.

जमादार आले. मनोहर लॉकअपमध्ये. ‘तुमी रिपोर्ट द्या. मांगचं प्रकरन हायेच, आता लहान बी नाही राह्यला. चार-पाच वर्सं कुठी गेले नाही त्याचे. नाही देत म्हनसान तर सोडून देतो, मारामारी म्हनून. उद्या संध्याकाळपावतो सांगा.’

देवा! दोन वर्षं हेच मागत होतो. आता ताटात वाढून आणलं.

संध्याकाळी फादर. कमरेत लचक, काठी घेऊन चालतात. म्हणाले, तुम्हाला सल्ला देणार नाही. फक्त एवढं सांगतो, मनोहर आत गेला तर घरात कमावणारा कोणी नाही. फी आपण भरू, जेवण हॉस्टेल देईल, पण आईला कोण पोसणार? शंकर स्वतःच शाळा सोडेल. मनोहर सुटला तर? मी विचारलं. तर पुन्हा येईल त्याला न्यायला, म्हणाले. किंवा नाही येणार. मला माहीत नाही.

सल्ला देणार नाही म्हणे! दोन्हीकडून फाशी दाखवून गेले.

बाबा: ‘हात तुहा मोडला. तू पाह्य.’

आई: ‘दे रिपोट. उद्याच्या उद्या दे.’

२५ ऑगस्ट, शनि.

दिलीपचा दिवस. फोटोपुढं मेणबत्ती. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. जीवहत्या करणार नाही, या पहिल्याच ओळीला माझी जीभ अडली. रविवारी मनोहरच्या गळ्यावर जे अंगठे होते तेच आज जोडून उभा होतो. बाबांनी माझ्या वाटचं मोठ्यानं म्हटलं.

बारा वाजता शंकर आला. एकटा. कानाला पट्टी, शर्ट इस्त्रीचा, कोणाचा तरी मागितलेला, बाह्या लांब. उंबऱ्याच्या बाहेर उभा. बाबांनी आईकडे पाहिलं, मीही. हे घर आईचं, रीत आईची.

आई चुलीपाशी पाठ करून बसलेली. मला वाटलं, आता उलथनं घेऊन उठते आणि त्याचं थोबाड फोडते. पोरालाही तेच वाटलं असावं, मान आखडून उभं होतं.

आई वळलीच नाही. ‘दारात उभा राहून माश्या येऊ देऊ नको. हात धू.’

धुतले. दिलीपच्या पाटावर बसला. आईनं वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी, वर तळलेली मिरची, दिलीपच्या आवडीची. ताट इतक्या जोरानं ठेवलं की वरण सांडलं. ‘तुह्या भावाचं नाव या घरात काढलं तर तोंड फोडीन. जेव.’

पोरानं हात ताटाकडे नेला आणि मागं घेतला. माझ्याकडे पाहिलं. प्लास्टरकडे नाही, डोळ्यांत.

‘दादा, रिपोट देनार हाय का?’

आई ओरडली, ‘पयले जेव!’

‘पयले सांगा. दिला तर मी या ताटावर कायले बसू? मले उद्या ट्रकवर जा लागते.’

‘आन् नाही दिला तर?’ मी विचारलं. ‘तो पुन्हा येईन तुले न्याले. मंग?’

‘मंग मी फाटक धरीन.’

एवढा राग आला मला! देऊ का एक, असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याला उचलून आत कोंडून ठेवावं, कोणालाच सापडू देऊ नये, असंही वाटलं. हो म्हणून टाकलं असतं, नाही म्हणून टाकलं असतं, कोणतंही खोटं चाललं असतं, जेवला असता. जमलं नाही. उठून आतल्या खोलीत आलो. आता हे लिहून राहिलो.

बाहेर सगळे तसेच. पोरगं हात मांडीवर ठेवून बसलं आहे. बाबा भिंतीला टेकून. कोणीच जेवत नाही, तो जेवल्याशिवाय जेवायचं नाही. आज सकाळपासून आईच्या पोटात पाणीसुद्धा नाही. जमादार संध्याकाळी येतील.

आई हाका मारून राहिली. ‘काय सांगतं ते सांग ना गा त्याले लवकर! भात निवून राह्यला!’